तेविसावी खूण

पर्णवेध कंपनीची तीन माणसं जिना चढून गच्चीवर आली तेव्हा रंजना शिवलकर पिंपातलं पावसाचं पाणी मगाने ट्रेमध्ये ओतत होत्या. या झाडांना नळाचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांनी मुळं काळी पडतात. म्हणून पावसाळ्यात भरलेली नऊ पिंपं त्या पुढच्या जूनपर्यंत पुरवून वापरत. आलेल्या माणसांनी बूट काढले नाहीत. पुढच्याने जप्तीचा आदेश दाखवला आणि मागच्या दोघांनी खिशातून ओळखकांड्या काढल्या.

ओळखकांडी दिसायला पेनासारखी. पानाला टेकवली की टोकाची सुई कणभर पान उचलते, त्यातली जनुकं वाचते आणि अर्ध्या मिनिटात झाडाचं नाव सांगते. रंजनाताईंना ती कधीच आवडली नव्हती. एकोणीस वर्षं त्या घरी कीटकभक्षी झाडं वाढवत होत्या आणि गच्चीवरच्या दोनशे चौदा कुंड्यांपैकी प्रत्येकीची ओळख त्यांनी स्वतः पटवलेली होती. दवबिंदू म्हणजे पानावरच्या चिकट थेंबांनी कीटक धरणारं झाड. दोन दवबिंदू अगदी सारखे दिसत असले तर फुलाच्या देठावर लव आहे का, बी लांबट आहे की गोल, पानाच्या बुडाशी असलेला पापुद्रा किती फाटलेला आहे, हे भिंगाखाली पाहायचं. बी पाहायचं तर झाड फुलेपर्यंत थांबायचं. एकेका रोपाचं नाव ठरायला दोन-दोन पावसाळे जात. मग ते नाव, रोप कुठून आलं आणि कधी, हे शिसपेन्सिलीने पांढऱ्या पट्टीवर लिहून ती पट्टी कुंडीत खोचायची. पेन्सिलीने, कारण शाई उन्हात उडते.

माणसं रत्नागिरीच्या कातळसड्यावरच्या लाल दवबिंदूंवरून, सीतेच्या आसवांच्या रोपांवरून, मेघालयातून आलेल्या घटपर्णीवरून कांड्या फिरवत गेली. पूर्वेकडच्या कठड्याशी पोचल्यावर कांड्या एकापाठोपाठ एक वाजायला लागल्या. "डासपर्णी. नोंदणीकृत वाण. मालक पर्णवेध." एकतीस कुंड्या. प्रत्येकीतल्या पट्टीवर रंजनाताईंच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: र-४७.

डासपर्णी कोणाला ठाऊक नव्हती! सात वर्षांपूर्वी कंपनीने ती बाजारात आणली, आणि आता राज्यात क्वचितच एखादी खिडकी तिच्याशिवाय दिसे. तळहाताएवढं तांबूस झाड, पानापानावर चिकट थेंब, आणि माणसाच्या घामासारखा एक वास, जो माणसाला येत नाही पण डासाला येतो. डास येतो, चिकटतो, पान त्याच्याभोवती गुंडाळतं आणि त्याला विरघळवून पिऊन टाकतं. रत्नागिरीत मच्छरदाण्या विकणारं शेवटचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

रंजनाताईंनी सांगायचा प्रयत्न केला. हे झाड आपण सतरा वर्षांपूर्वी या गच्चीवर तयार केलं. सड्यावरच्या एका दवबिंदूचे परागकण सुईच्या टोकावर घेऊन आफ्रिकेच्या एका दवबिंदूच्या फुलाला लावले. जी रोपं आली त्यातलं सत्तेचाळिसावं हे. त्याला बी धरत नाही, पान मातीवर ठेवून रुजवावं लागतं. आजूबाजूच्या घरांना आपण ते असंच देत आलो. माणसांनी ऐकून घेतलं आणि कुंड्या खोक्यात भरत राहिली.

एवढ्यात कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सारंग निमकर वर आले. रंजनाताईंनी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. तेरा वर्षांपूर्वी कॉलेजात एम.एस्सी.ला असताना ते रोज त्यांच्याकडून परीक्षानळ्या मोजून घेत. सव्वीस वर्षं रंजनाताई वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. निमकरांनी मात्र ओळख दाखवली नाही.

"मावशी, कुणाच्या तरी खिडकीतलं पान आणून रुजवलं असणार तुम्ही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "लोक करतात. आम्ही खटला भरणार नाही. एवढी रोपं द्या आणि पुन्हा लावू नका."

"एक पान तुम्हीच माझ्याकडून मागून नेलं होतंत," रंजनाताई म्हणाल्या. "ओळख पटवून नाव कळवतो म्हणाला होतात. अजून कळवलेलं नाही."

निमकर हसले. कॉलेजात कितीतरी लोक असायचे, सगळं कुठे लक्षात राहतं, असं काहीतरी म्हणाले आणि माणसांना घाई करायला लागले. खोकी खाली गेली. गच्चीच्या पूर्वेला कुंड्यांच्या बुडांचे ओले गोल तेवढे राहिले. रंजनाताई पाण्याचा मग हातात धरून उभ्या होत्या. चोर म्हटल्याचा राग तर होताच. पण त्या माणसाने "मावशी" म्हणताना जो स्वर लावला होता, त्याने त्यांच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या नसीमा मुकादमकडे गेल्या. नसीमा त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेली, आता जिल्ह्याच्या वनस्पती संशोधन केंद्राची प्रमुख. तिने सगळं ऐकलं, आणि ओळखकांडी इथे काही कामाची नाही, असं आधीच सांगून टाकलं. कांडी फक्त दोन झाडं एकच आहेत एवढं सांगते. कोण कोणापासून आलं हे तिला कळत नाही.

"ते कशाने कळतं?" रंजनाताईंनी विचारलं.

"वंशघड्याळाने. ताई, तुम्ही जर्नलांवर शिक्के मारायचात. कुणी कुणाचं जर्नल उतरवलंय हे तुम्हाला कसं कळायचं?"

"चुकांवरून," रंजनाताई म्हणाल्या. पहिल्याने एक शब्द चुकवला की उतरवणाऱ्यांच्या सगळ्यांच्या जर्नलात तीच चूक येई. त्यातल्या एकाने आणखी एक चूक केली की त्याच्यावरून उतरवणाऱ्याकडे दोन्ही येत.

नसीमाने सांगितलं की झाडातही हेच होतं. पेशी दुभंगताना जनुकांची कोट्यवधी अक्षरं नव्याने उतरवली जातात आणि एखादं अक्षर चुकतं. पानावरून नवं रोप वाढतं ते एखाददुसऱ्या पेशीपासून, म्हणजे त्या पेशीची चूक त्या अख्ख्या रोपाची होते आणि त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांची. बी धरणाऱ्या झाडात दोन पालकांची अक्षरं मिसळतात आणि हिशेब गुंततो. र-४७ ला बी धरत नाही. म्हणजे चुकीची जुनी खूण पुसली जात नाही, फक्त नवी वाढत जाते. वर्षाला साधारण दोन-तीन.

"कंपनीच्या झाडावर तुमच्या झाडाच्या खुणा निघाल्या आणि तुमच्या झाडावर कंपनीच्या निघाल्या नाहीत, तर आई कोण आणि लेक कोण, याबद्दल वाद उरत नाही," नसीमा म्हणाली.

जप्त रोपं नोंदणी कार्यालयात मोहरबंद होती. नसीमाने अर्ज करून त्यांची पानं मिळवली आणि दुकानातून आणलेल्या वीस डासपर्णींशी ताडून पाहिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गच्चीवरच्या रोपांच्या वंशाच्या फांद्या वेगवेगळ्या ठिकाणी फुटल्या होत्या. काहींत कंपनीच्या झाडांशी चार खुणा समान होत्या, काहींत सहा. त्यांतल्या एका फांदीवर सुरुवातीला ओळीने नऊ खुणा होत्या. कंपनीच्या वीसही झाडांत त्याच नऊ होत्या, त्याच क्रमाने, आणि दहावीपासून पुढच्या त्यांच्या स्वतःच्या. त्या पुढच्यांपैकी एकही गच्चीवर नव्हती. राज्यभरच्या लाखो डासपर्णी एका पानाची संतती होत्या, आणि ते पान त्या कठड्यावरचं होतं.

रंजनाताईंनी नोंदणी कार्यालयाकडे तक्रार केली. वर्षानुवर्षं लांबेल अशी त्यांची खात्री होती. पण पंधरवड्यातच निमकर पुन्हा जिना चढून आले. या वेळी त्यांनी बूट खाली काढले होते. हातात गुच्छ होता. ते म्हणाले की आपण जुनी कागदपत्रं शोधली, आपली स्मृती चुकली होती, कंपनीला मनापासून खेद आहे. एकतीस कुंड्या परत येतील. शिवाय कंपनी त्यांना डासपर्णीच्या मूळ संवर्धक म्हणून मान्यता देऊ इच्छिते. प्रत्येक कुंडीवरच्या लेबलवर त्यांचं नाव छापलं जाईल. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की र-४७ आणि त्यापासून वाढवलेल्या सर्व रोपांच्या गुणधर्मांचा मूळ हक्क व मूळ जबाबदारी श्रीमती रंजना शिवलकर यांची आहे, आणि कंपनी त्यांच्या संमतीने उत्पादन करत आहे.

"तुम्हाला आणखी काही हवंय का, मॅडम?" निमकरांनी विचारलं.

काही नको होतं. नाव हवं होतं, ते मिळत होतं. रंजनाताईंनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

जूनमध्ये नाट्यगृहात सत्कार झाला. धाकटी बहीण वीणा खास चिपळूणहून आली होती. वीणा प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा आवाज असा की मैदानाच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाच्या मुलाला पाढा म्हणायला लावी. कार्यक्रमात पहिली टाळी तिची आणि शेवटचीही तिचीच. कंपनीने पाहुण्यांना डासपर्णी वाटल्या. वीणाने चार घेतल्या.

"झोपायच्या खोलीत ठेव," रंजनाताई तिला म्हणाल्या. "माझ्याच झाडाच्या लेकी आहेत त्या."

दिवाळीला वीणा आली तेव्हा जिन्यात दोनदा थांबली. वाक्य बोलताना मध्येच श्वास घेत होती. डॉक्टरांनी ते हवाबदलामुळे असल्याचं सांगितलं होतं. जानेवारीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि त्याच आठवड्यात राज्याच्या आरोग्य पाहणीचा अहवाल जाहीर झाला. गेल्या चार वर्षांत शहरांत दम्याचे रुग्ण तिप्पट झाले होते. पाहणी करणाऱ्यांनी रुग्णांच्या उशांवरची धूळ तपासली होती. तीत एक विकर सापडलं, प्रथिनं विरघळवणारं. डासाला पचवणारं डासपर्णीचं विकर.

नसीमाने दवाखान्याच्या बाकावर बसून समजावलं. चिकट थेंब ओला असतो तोवर काही होत नाही. पण पान मरताना थेंब त्यावरच वाळला तर त्याचा भुगा होतो, हवेत उडतो आणि श्वासाबरोबर आत जातो. विकर तिथेही आपलं काम करतं. फुप्फुसाचं अस्तर हेही शेवटी प्रथिनच.

"आपल्या झाडाने?" रंजनाताईंनी विचारलं.

 त्याच संध्याकाळी कंपनीने निवेदन काढलं. डासपर्णीचे सर्व गुणधर्म मूळ वाणातून आले आहेत; मूळ वाण श्रीमती शिवलकर यांचा आहे; वंशघड्याळाची चाचणी त्यांनीच करून घेतली आहे आणि हक्क व जबाबदारी लेखी स्वीकारली आहे. निवेदनाला कागदाची प्रत जोडली होती. सही नीट दिसत होती.

लोकांनी फाटकात कुंड्या आणून फोडल्या. रोज सकाळी रंजनाताई त्या कुंड्यांचे तुकडे गोळा करत. जूननंतरच्या प्रत्येक लेबलवर त्यांचं नाव होतं. एका बाईंनी फाटकाबाहेर उभं राहून त्यांना शांतपणे सांगितलं की माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पळताना आता तिच्या ओठांना निळसर झाक येते.  वीणाने मात्र बहिणीला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच रंजनाताईंना सर्वांत जास्त लागलं.

आठवडाभर त्या गच्चीवर गेल्या नाहीत. मग एका सकाळी गेल्या, ते झाडं उपटून टाकायच्या इराद्याने. पूर्वेच्या कठड्याशी बसून त्यांनी पहिली कुंडी पुढ्यात ओढली आणि हात थांबला. सतरा वर्षं त्या दररोज दोन तास या झाडांवर नाक खुपसून बसल्या होत्या. त्यांना कधी साधा खोकला झाला नव्हता.

त्यांनी भिंग आणलं. फाटकात टाकलेल्यांपैकी शाबूत राहिलेली एक डासपर्णी आणली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तोंडाला ओला पंचा बांधून त्या सलग बारा दिवस पाहत राहिल्या. र-४७ चं पान डास पचवून झाला की थेंब पुन्हा शोषून घेई, कोरडं होऊन उलगडे, आणि दोन दिवस रिकामं राहून मग नवे थेंब धरी. मरणारं पान कोरडंच मरे. डासपर्णीचं पान थांबतच नव्हतं. खाऊन झालं तरी थेंब, पिवळं पडलं तरी थेंब, काळं पडलं तरी थेंब. शेवटी बोट लावलं तर पांढरट भुगा. असं झाड जास्त डास पकडणार, हे उघड होतं. ओळखकांडीला दोन्ही झाडं एकच वाटत होती. भिंगाला ती एक नव्हती.

"नसीमा, ती थांबायची खोड माझ्या झाडात आहे. त्यांच्यात कुठेतरी मोडलीय," त्या फोनवर म्हणाल्या. "कुठल्या खुणेला मोडली ते शोध."

नसीमाने जाहीर आवाहन केलं. लोकांकडे सात वर्षांत वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या डासपर्णी होत्या. कुणाची पहिल्या वर्षीची, कुणाची गेल्या महिन्यातली. साडेतीनशे कुंड्या आल्या. रंजनाताई केंद्रात बसून प्रत्येक झाडाचं मरणारं पान भिंगाखाली पाहत आणि "भुगा" किंवा "कोरडं" एवढंच लिहीत. नसीमा खुणा वाचे. दोघींनी एकमेकींची यादी मुद्दाम पाहिली नाही. शेवटी याद्या जुळवल्या तेव्हा रेषा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ निघाली. पहिल्या दोन वर्षांत विकलेली झाडं कोरडी होती. पुढची सगळी भुग्याची. भुग्याच्या प्रत्येक झाडात तेविसावी खूण होती, कोरड्यांपैकी एकातही नव्हती. ती खूण नेमकी विकराचा झरा बंद करणाऱ्या जनुकात पडली होती.

नऊ खुणांपर्यंतचं झाड रंजनाताईंचं होतं. तेविसावी खूण पर्णवेधच्या काचेच्या बाटलीत पडली होती.

"आता सुटलात तुम्ही," नसीमा म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. कंपनी म्हणेल की हा अपघात. खूण आपोआप पडते, आम्हाला तरी काय माहीत. आणि ते खोडून काढायला हातात पुरावा नव्हता.

रंजनाताईंनी एकच प्रश्न विचारला. कंपनी गेली दोन वर्षं आखातात डासपर्णी पाठवते, तिकडे कुणाला दमा झालाय का? नसीमाचा भाऊ दोहात होता; तिथे तशी एकही तक्रार नव्हती. त्याने इमारतीतल्या पाच बिऱ्हाडांकडून पानं जमवली आणि तिथल्याच प्रयोगशाळेत वाचून घेतलेली अक्षरं पाठवली.

ती आली तेव्हा नसीमाने पडदा रंजनाताईंकडे वळवला. पाचही झाडांत एक ते बावीस खुणा होत्या. तेविसावी नव्हती. तिच्या जागी दुसऱ्याच चार, फक्त चार.

"निर्यात सुरू झाली तेव्हा तेविसावी खूण पडून तीन वर्षं झाली होती," नसीमा सावकाश म्हणाली. "तोवर कंपनीच्या चालू रोपांत ती नाही असं एकही रोप उरलं नव्हतं. आणि बावीसनंतर झाड वाढत राहिलं असतं, तर पाच वर्षांच्या दहा-बारा तरी नव्या खुणा हव्यात. इथे दोन वर्षांच्याच आहेत. म्हणजे मधली तीन वर्षं हे झाड वाढलंच नाही. ते शीतपेटीत होतं. तिथे पेशी दुभंगत नाहीत, घड्याळ थांबतं. कुणीतरी शीतपेटी उघडून जुनी बाटली शोधून काढली."

"का?"

"ताई, खूण आपोआप पडते. मागे फिरणं आपोआप होत नाही."

रंजनाताई खुर्चीवरून उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. निमकर सत्काराच्या व्यासपीठावर हात जोडून उभे होते ते त्यांना आठवत होतं. पाहणी सुरू असल्याचं कंपनीला तेव्हाच कळलेलं असणार. गुच्छ त्यासाठी होता. आणि समोर बसलेल्या वीणाने चार कुंड्या उचलल्या तेव्हा तो माणूस तिच्याकडे पाहून हसला होता. कुंडीत काय आहे हे ठाऊक असताना.

चौकशी समिती मार्चमध्ये रत्नागिरीला बसली. निवृत्त न्यायाधीश घोरपडे अध्यक्ष होते. वीणाही आली होती. नळी नाकाला, सिलिंडर पायाशी. शाळेने तिला कार्यालयात बसायचं काम दिलं होतं, कारण वर्गात बोलायचं बळ आता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कंपनीचे वकील अपघाताबद्दलच बोलले, अगदी नसीमाने सांगितलं होतं तसंच. मग नसीमाने दोहाच्या खुणा पडद्यावर लावल्या आणि जर्नलांचंच उदाहरण देऊन समजावल्या.  अध्यक्षांनी निमकरांना विचारलं की जुनी बाटली का काढली.

 वकील निमकरांच्या कानाला लागले, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तिकडे परवान्याआधी धुळीची चाचणी सक्तीची होती. त्या चाचणीत झाड नापास झालं."

"मग इथलं उत्पादन का बदललं नाही?"

"ते झाड दुप्पट डास पकडत होतं. आणि इथे तशी चाचणी कुणी मागितली नव्हती."

वीणा उठून काहीतरी बोलायला गेली. तीन शब्दांत तिला धाप लागली आणि ती खाली बसली. ते तीन शब्द कुणाला कळले नाहीत. रंजनाताईंनी तिचा हात धरला. त्यांच्या अंगात असा संताप कधी भरला नव्हता. उभं राहावं, टेबल ओलांडावं आणि त्या माणसाचं बखोट धरून त्याला या श्वासापाशी आणून बसवावं, असं त्यांना वाटत होतं. त्या बसून राहिल्या, कारण वीणाने हात सोडला नव्हता.

भुग्याच्या झाडांवर बंदी आली. निमकर आणि दोन संचालकांवर खटले दाखल करायचा आदेश निघाला. मग कंपनीचे वकील पुन्हा उभे राहिले. त्यांनी सांगितलं की खिडक्यांतली झाडं काढल्यावर डास परत येतील, त्यांच्यामागून डेंग्यू. कंपनीकडे बावीस खुणांचं निर्दोष झाड तयार आहे. सहा आठवड्यांत राज्यभर पुरवू. समितीने परवानगी द्यावी.

सभागृहात कुजबुज झाली. बोलणं खोटं नव्हतं. नसीमाच्याही तोंडावर ते दिसत होतं. डेंग्यूचे वॉर्ड तिने पाहिले होते. अध्यक्ष कागद चाळत होते. एका कागदाशी ते थांबले, त्यांनी तो पुन्हा वाचला, आणि वकिलांऐवजी रंजनाताईंकडे पाहिलं.

त्यांनी सांगितलं की तेविसाव्या खुणेची जबाबदारी कंपनीची ठरली आहे, कारण ती खूण कंपनीच्या हातात पडली आणि कंपनीने ती लपवली. पण श्रीमती शिवलकर यांच्या सहीचा हा करार त्यामुळे रद्द होत नाही. कायद्यानुसार जबाबदारी एकटी सोपवता येत नाही, तिच्यासोबत हक्क द्यावाच लागतो, आणि कंपनीने तो दिला आहे. र-४७ पासून वाढवलेल्या सर्व रोपांचा. बावीस खुणांचं झाड त्यात येतं. आखातातलंही येतं. उत्पादन श्रीमती शिवलकर यांच्या संमतीने होईल, असं स्पष्ट लिहिलं आहे.

"तुमची संमती आहे का?" त्यांनी विचारलं.

रंजनाताई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की झाड लोकांना मिळायला हवं, आणि मिळेल. आपल्या गच्चीवर एकतीस कुंड्या आहेत, एका पानाची महिन्याभरात वीस रोपं होतात. सरकारी रोपवाटिकांना पानं आजपासून न्यावीत. ज्याला हवं त्याने घरी रुजवावं. पावसाचं पाणी घालावं, आणि मरणारं पान कोरडं मरतं की भुगा होऊन, ते दर महिन्याला भिंगाखाली पाहावं. खूण पुन्हा पडू शकते आणि ती कांडीला कळणार नाही. भुगा दिसला तर अख्खी कुंडी पिशवीत बांधून जाळावी. हे आपण गावोगाव जाऊन शिकवू.

"पर्णवेधला संमती नाही," त्या म्हणाल्या. "इथे नाही आणि तिकडेही नाही. त्यांच्या शीतपेटीत, बाटल्यांत, दोहात, जिथे कुठे माझ्या झाडाचं पान आहे, ते त्यांनी आजपासून वाढवू नये."

वकील घाईने उठले. आखातातले करार, तिथले ग्राहक, कंपनीचं एकमेव उत्पादन, असं बरंच काही ते बोलले. मूळ मान्यता ही केवळ सन्मानार्थ होती, असंही म्हणाले. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं नाही. निमकर आता पहिल्यांदाच रंजनाताईंकडे सरळ पाहत होते.

"शिवलकर मॅडम, असं करू नका," ते म्हणाले. "कंपनी संपेल."

"तो कागद तुम्हीच आणला होता," रंजनाताई म्हणाल्या. "मी फक्त सही केली."